सेक्स्टंट घ्यावा तो मोजण्यासाठी

व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून हयात घालविलेल्या गृहस्थांच्या घरी, मग ते दादरचे असो वा गिरगावचे, लाकडी पेटीत जपलेला सेक्स्टंट कधी ना कधी वारसांच्या हाती येतो आणि पितळेच्या झळाळीवरून त्याचे मोल ठरवून तो दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. सूर्य-तारकांची क्षितिजापासूनची उंची मोजून भर समुद्रात जहाजाचे स्थान सांगणारे हे यंत्र जोवर अचूक मोजते आहे, तोवर ते शिकणाऱ्याच्याच हाती जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपग्रह खिशातल्या खिशात स्थान सांगत असता हा खटाटोप कशाला, ही शंका रास्त आहे. परंतु उपग्रहांचे संकेत दडपण्याचे आणि खोटे संकेत पेरण्याचे प्रकार काळ्या समुद्रापासून पर्शियन आखातापर्यंत वारंवार घडत आहेत, आणि अमेरिकेच्या नौदल अकादमीने मध्यंतरी बंद केलेले सेक्स्टंटने स्थान काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, ते उगाच नव्हे. मुंबईतच सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ती सेक्स्टंटच्या भरवशावर, आणि त्याच परंपरेतल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत, जेथे उपग्रहाच्या साह्याने मार्ग काढण्यास मनाई आहे, आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये दुसरे आले.

जुना सेक्स्टंट घेताना दोष कोणते क्षम्य आणि कोणते अक्षम्य, याचा विवेक हवा. मापन शून्यावर आणून दुर्बिणीतून क्षितिज पाहावे. रेषा सलग न दिसता तुटक दिसली, तर ती जुळवून जो फरक निघेल तो दर वाचनातून वजा-अधिक करता येतो, म्हणून तेवढ्यावरून यंत्र नाकारू नये. आरशाचा पारा उडाला असेल, तर तोही नव्याने चढविता येतो. पण चौकट वाकलेली असेल, अंश कोरलेल्या कमानीचे दाते झिजले असतील, किंवा सूक्ष्म माप दाखविणारा ड्रम डावीकडून आणि उजवीकडून फिरविला असता एकाच क्षितिजाचे वाचन निरनिराळे येत असेल, तर कितीही स्वस्त मिळो, तो जिन्नस घेऊ नये. कारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की स्थान एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, सरकते. बाजारात मिळणाऱ्या पितळी शोभेच्या प्रतिकृतींवर जुन्या विलायती कारखान्यांची नावे कोरलेली असली, तरी त्यांच्याकडून मापनाची अपेक्षा व्यर्थ होय. त्यापेक्षा नवशिक्याने नवा प्लॅस्टिकचा, ‘डेव्हिस’सारखा सेक्स्टंट घ्यावा; उन्हात तापून त्याचे माप थोडे हलते, तथापि शिकण्यास तो पुरेसा आहे.

दादरला सराव कसा करावा, हाही प्रश्न आहे. कारण चौपाटीवर समुद्र पश्चिमेस, तर वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस, आणि त्याच्याखाली क्षितिजाऐवजी वरळीच्या इमारती उभ्या. यावर जुना उपाय असा की, गच्चीवर पसरट थाळीत काळे तेल ओतावे, दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावून सूर्यबिंब त्यातल्या प्रतिबिंबाशी जुळवावे, आणि येणारा कोन निम्मा करावा. कमान साधारणतः १२० अंशच मोजते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य ६० अंशांखाली असतानाच, हे साधते. त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनात्मक अंतर, पंचांगात पाहून हिशेब केला की दादरचे सुमारे १९ अंशांचे अक्षांश विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून निघतात.

हे यंत्र प्रत्येकाने विकत घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. म्हणून आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी आणि शाळांनी एकेक पारखलेला सेक्स्टंट, देणगी म्हणून वा खरेदी करून, दप्तरी नोंदवावा, निवृत्त दर्यावर्दींना शिकविण्यास पाचारण करावे, आणि ग्रंथाप्रमाणेच अनामत रकमेवर तो सभासदांस घरी न्यावयास द्यावा. चांगल्या यंत्राची किंमत अनेकांनी मिळून सोसली, तर ते ज्ञान ऐपतीवर अवलंबून राहणार नाही.