कापूस आमचा, मॅच त्यांची

मागच्या शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास अकोल्याहून बाबांचा फोन आला. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ऑफिसचं काम नव्हतं. ॲक्रिंग्टन स्टॅन्ली नावाच्या एका इंग्लिश फुटबॉल क्लबचा स्कोअर बघत होतो.

"काय करून राह्यला?"

"काही नाही बाबा, मॅच बघतोय."

"इंडियाची?"

"नाही, इंग्लंडमधलं एक छोटं गाव आहे, त्याची."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुले त्या गावाचं सारं मालूम हाय. आपल्या मंडळाचं मैदान गेलं, ते मालूम हाय का?"

नव्हतं माहीत. आता हे लिहायला बसलोय ते त्या प्रश्नामुळेच.

आधी त्या गावाबद्दल. २०११ साली मी ऑनसाईट मँचेस्टरला होतो. टीममधली बाकीची पोरं मँचेस्टर युनायटेडच्या तिकिटासाठी पैसे साठवत होती. मला ते परवडणारं नव्हतं (म्हणजे परवडलं असतं, पण गृहकर्जाचा हप्ता नुकताच सुरू झाला होता :) ). कुणीतरी म्हणालं, ॲक्रिंग्टनला जा, स्वस्तात होईल. एका शनिवारी लोकल ट्रेन पकडून गेलो. गाव केवढं? लोकसंख्या आपल्या अचलपूरच्या निम्मीही नाही. मैदान म्हणजे चार बाजूंना छोटे स्टँड आणि मागे टेकड्या. प्रेक्षक असतील दीड-दोन हजार. थंडी अशी की चहाचा कप हातात धरायलाच घ्यायचा. गोल कुणी केले हे आज आठवत नाही. आठवतो तो शेजारचा म्हातारा. त्याचा आजा कापडाच्या गिरणीत होता, बाप गिरणीत होता, आणि तिघंही याच क्लबचे. गिरण्या कधीच बंद पडल्या. क्लबही एकदा बंद पडला होता. "पण क्लब आम्ही परत चालू केला," असं तो सहज सांगून गेला, जणू बिघडलेली मोटरसायकल दुरुस्त केली.

परत आल्यावर मी वाचायला लागलो आणि अडकलोच. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात १२ क्लब होते. त्यातले ६ एकट्या लँकेशायर परगण्यातले, आणि त्या ६ मध्ये एक ॲक्रिंग्टन! हा जुना क्लब काही वर्षांत बुडाला. मग त्याच गावातल्या स्टॅन्ली नावाच्या दुसऱ्या क्लबाने गावाचं नाव उचललं. १९२१ मध्ये हा क्लब लीगमध्ये आला. १९६२ मध्ये कर्ज इतकं झालं की सीझन अर्ध्यात असतानाच लीग सोडावी लागली. नंतर क्लबच संपला. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला आणि अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. एकेक पायरी चढत २००६ मध्ये स्टॅन्ली लीगमध्ये परतला. चव्वेचाळीस वर्षांनी! आणि गंमत बघा, १९६२ मध्ये त्याची रिकामी जागा ज्या ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती, तोच क्लब २००६ मध्ये खाली घसरला. असं सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीतरीच.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्या गोष्टीने. ही सगळी गावं कशावर जगली? कापसावर. आणि लँकेशायरमध्ये तर कापसाचं एक बोंडही उगवत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडून येणारा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. तेव्हा त्यांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. आपला आखूड धाग्याचा कापूस तिथल्या कामगारांना मुळीच आवडायचा नाही. यंत्रावर धागा सारखा तुटायचा. हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तो शब्द तिकडे निकृष्ट मालासाठी शिवीसारखा झाला होता. तरी घ्यावा लागलाच. मग आपल्याकडे कापसासाठी रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावला खास फाटा निघाला. पुढे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज लाईन टाकली, म्हणजे आपली शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. मी लहानपणी मूर्तिजापूरला ते इंजिन पाहिलंय. मोठेपणी ज्या शहरात ऑनसाईट जाणार होतो तिथलीच वस्तू आपण बघतोय, हे तेव्हा कसं कळणार!

तर व्यवहार असा होता. कापूस इकडून गेला, कापड आणि इंजिन तिकडून आलं. एक गोष्ट मात्र आली नाही: शनिवारची दुपार.

इंग्लंडमध्ये १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांमधल्या बाया आणि पोरांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. बाया-पोरांशिवाय गिरणी चालत नाही, त्यामुळे हळूहळू सगळ्यांनाच ती दुपार मिळाली. तीन वाजता मॅच ठेवायची पद्धत पडली त्यामागे हे मोठं कारण आहे. खिशात आठवड्याचा पगार आणि समोर मोकळी दुपार. मँचेस्टर युनायटेडसुद्धा १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा क्लब म्हणूनच सुरू झाला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तीही १८९० मध्ये. आणि वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईला? तिला आजही शनिवार-रविवार नाही. पाऊस आला की सुट्टी, आणि वेचणीच्या दिवसांत पाऊस येऊ नये अशीच तिची इच्छा असते.

इथे कुणी म्हणेल, बस्स, इंग्रजांनी लुटलं, संपला विषय. मला तेवढ्यावर थांबता येत नाही. कारण खेळायची हौस आपल्याकडे काही कमी नव्हती.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. १९१४ मध्ये अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. आखाडा, लाठी, लेझीम, मल्लखांब. राजगुरू इथे शिकायला आले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसकट देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ध्यानचंदच्या हॉकी टीमने जर्मनीला ८-१ ने हरवलं ते याच ऑलिंपिकमध्ये, ते आपल्याला पाठ असतं. अमरावतीची पोरं तिथे होती हे मात्र अमरावतीच्या बाहेर फार कुणी सांगत नाही. कबड्डी एशियाडमध्ये पदकाचा खेळ व्हायला त्यानंतर ५४ वर्षं जावी लागली, १९९० च्या बीजिंगपर्यंत. मंडळ आजही उभं आहे. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, आणि काळाचा महिमा असा की इंजिनिअरिंगचं कॉलेजसुद्धा आहे :)

मग हे एक मंडळ शंभर वर्षं टिकलं आणि गल्लोगल्लीची बाकीची मंडळं का मिटली? लोक म्हणतात पैसा नाही, मोबाईल आला, पोरं आळशी झाली. मला हे पटत नाही. १९६२ मध्ये स्टॅन्लीकडे तरी कुठे पैसा होता?

माझं मत असं आहे की मामला वेळापत्रकाचा आहे. हनुमान मंडळाने शिक्षक तयार केले, वर्ग चालवले. तिथे वर्षभर काहीतरी ठरलेलं असतं. बाकीची आपली मंडळं टूर्नामेंटवर जगली. आमदार चषक, खासदार चषक, रात्रीचे सामने, फ्लडलाईट, मोठं बक्षीस. टूर्नामेंट म्हणजे काय? १६ टीम आल्या तर पहिल्याच फेरीत ८ घरी जातात. त्यांचं वर्षभराचं खेळणं अर्ध्या-पाऊण तासात संपतं. लीगमध्ये शेवटच्या नंबरच्या टीमलाही पुढच्या शनिवारी मॅच असते. हरलात? हरकत नाही, पुढच्या आठवड्यात या. त्या 'पुढच्या आठवड्या'मुळेच म्हातारा आपल्या नातवाला घेऊन येतो. ठरलेल्या दिवशी यायची सवय लागलेली असते, म्हणून क्लब मेला तेव्हा त्या दिवशी गावाला काहीतरी चुकल्यासारखं होतं. आपलं मंडळ मेलं तर आपल्याला कळतसुद्धा नाही, कारण कोणत्याच दिवशी ते आपलं चुकत नाही.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली तेव्हा मी खूश झालो होतो. पुणेरी पलटणचा टीशर्टही घेतला. पण त्यात वऱ्हाडाची टीम नाही आणि खालून वर यायला जिनाही नाही. अकोल्याच्या एखाद्या मंडळाने सलग दहा वर्षं सगळ्यांना हरवलं तरी ते तिथे पोचणार नाही. पोरगा पोचेल, लिलावात विकला जाईल. मंडळ इथेच राहील. स्टॅन्लीला निदान जिना होता.

आता आमच्या मंडळाबद्दल. नाव सांगत नाही. शाळेत असताना मी तिथे सहा वर्षं कबड्डी खेळलो. फार चांगला नव्हतो, डावा कोपरा धरायचो. मैदान म्हणजे एका रिकाम्या प्लॉटवरची माती. मालक भला माणूस होता, भाडं नावापुरतं घ्यायचा. तो वारला, पोरांना तिथे कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही फ्लॅट घेतलाच आहे. मंडळाने दुसरी जागा भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि जुन्या खेळाडूंकडून वर्गणी मागितली.

हे मला माहीत नव्हतं, असं मी वर लिहिलं. ते पूर्ण खरं नाही. बाबांचा फोन ठेवल्यावर मी व्हॉट्सॲपमध्ये शोधलं. आठ महिन्यांपूर्वीचा मेसेज होता. "माजी खेळाडूंना नम्र विनंती." रक्कम होती दोन हजार. मी तो वाचला होता. त्या आठवड्यात रिलीज होतं, नंतर बघू म्हटलं. त्याच महिन्यात मी स्टॅन्लीचा स्कार्फ ऑनलाईन मागवला होता, कुरिअरसकट साडेतीन हजारांना.

यावर काही विनोद करता आला असता तर केला असता.

मंडळाचं एक रजिस्टर होतं, कोण कधी कुणाविरुद्ध खेळलं त्याचं. बाबा म्हणाले, ते ज्यांच्याकडे होतं त्यांनी घर बदललं, त्यात गेलं. म्हणजे १३० वर्षांपूर्वी ॲक्रिंग्टनमध्ये कोण किती गोलांनी हरलं हे मी पाच मिनिटांत सांगू शकतो, आणि मी स्वतः खेळलेल्या एकाही मॅचचा पुरावा माझ्याकडे नाही.

असो. नुसतं हळहळून भागायचं नाही, म्हणून हिशोब मांडला. अकोला, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, परतवाडा, शेगाव. आठ गावं, प्रत्येकी एक मंडळ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. ५६ मॅचेस होतात, आणि दर रविवारी चार म्हटलं तर १४ रविवार. दिवाळीनंतर सुरू केलं तर उन्हाळ्याच्या आत संपतं. कबड्डीला १३ बाय १० मीटरची जागा पुरते, एवढी तर शाळेच्या पटांगणात निघते. बक्षीस नको, पाहुणे नकोत, उद्घाटन तर नकोच. फक्त वेळापत्रक छापायचं आणि पाळायचं. आणि रजिस्टरऐवजी सगळा स्कोअर दोन-तीन ठिकाणी जपून ठेवायचा. एवढं तर आपल्याला जमतं ना? रोज दुसऱ्यांचा डेटा तेवढ्याचसाठी सांभाळतो आपण.

पुण्यात, बंगळुरात, आणखी कुठे बसलेले वऱ्हाडी हे वाचत असतील तर एवढंच म्हणतो: आपल्या गावच्या मंडळाचा जुना मेसेज शोधा. सापडेल. मी माझी वर्गणी भरली, उशिराची म्हणून थोडी जास्त.

वेळापत्रकही तयार केलं. रविवारी सकाळी बाबांना पाठवलं, छान रंगीत तक्ता, घरचे सामने हिरवे, बाहेरचे पिवळे. तासाभराने त्यांचा फोन आला.

"तक्ता चांगला हाय," म्हणाले. "पन पयल्या रविवारी आपली मॅच अकोल्यात दाखवली हाय. कोठी खेळतीन पोट्टे? तू ये एखाद्या खेपी, दोन-तीन शाळाइच्या हेडमास्तरले भेटू. फोनवर नाही होत हे."

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. वेटिंग १४ आहे.