पाच सुरांत काय कमी आहे?

कलावंताला मोकळं सोडा, नियम लादाल तर त्याची हौस मरेल, असं हल्ली उठताबसता ऐकू येतं. ऐकायला गोड आहे. पण ज्या कलांचा आपण अभिमान मिरवतो, त्यांनाच हा सिद्धांत लावून पाहावा, म्हणजे त्याचा फोलपणा कळतो.

भूप घ्या. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. बारा स्वरांतले सात उंबऱ्याबाहेर. देशकारातही नेमके हेच पाच. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. संध्याकाळी भूप गाताना गवई धैवतावर जरा जास्त रेंगाळला, की सकाळचा देशकार डोकावतो आणि पुढच्या रांगेतल्या जाणकाराची डोलणारी मान थांबते. किशोरी आमोणकरांचा ‘सहेला रे’ याच अरुंद वाटेवरचा. तो ऐकून सांगा, हौस कुठे मेली? चुकलं कुठे हे कळतं, म्हणूनच जमलं कुठे हेही गवयाला कळतं. बाराही स्वर मोकळे केले आणि चुकायची सोयच ठेवली नाही, तर समाधान वाटावं कशाचं?

यावर कोणी म्हणेल, राग तर गवयाने आपणहून पत्करलेला असतो. बाहेरून आलेल्या बंधनाचं काय? शंका रास्त आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला ‘गीतरामायणा’चं नवं गाणं लागे. घड्याळ आकाशवाणीचं, कथा वाल्मीकींची, आणि शेवट ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक. अशी ५६ गाणी माडगूळकरांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी बांधली. कोणत्या प्रसंगी थांबायचं आणि कोणाच्या तोंडून बोलायचं, हे मात्र कवीच्या हाती होतं. म्हणून तिथे राम-सीतेबरोबर शूर्पणखाही गाते, नावाडीही गातात.

तरीही ‘बंधनं आली की कला फुलतेच’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. ही मंडळी बहुधा कात्री हातात असलेल्यांच्या बाजूची निघतात! तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये १९७२ साली सेन्सॉरने काटछाट सांगितली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ते जिंकले, हे खरं. पण कोर्टाच्या तारखांनी नाटकातला एकही प्रवेश रंगत नाही. भूपाचा नियम निषाद काढून घेतो आणि गंधाराला मान देतो. कात्री नुसतंच काढून घेते. या दोन्हींना ‘बंधन’ म्हणून एकाच दावणीला बांधणं हा दोन्ही पक्षांचा आळस आहे.

गाणं शिकवणाऱ्यांना तेवढं सांगणं आहे. भूप तर आपण सुरुवातीलाच देतो. विद्यार्थ्याला निषाद खुशाल नाकारा. पण उरलेल्या पाचांत तो स्वतःची एखादी जागा शोधत असेल, तेव्हा कृपा करून मध्ये बोलू नका.