मागून बसलेली गाडी

व्यापाऱ्याच्या घरातील मोटार ही चैनीची वस्तू क्वचितच असते. सकाळी ती पेढीची असते, सायंकाळी घराची आणि लग्नसराईत साऱ्या गोतावळ्याची. तिच्यावर किती माणसे बसली आणि किती ओझे चढले, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती नोंद गाडीच्या मागील चाकांवर मात्र होत राहते आणि काही वर्षांनी एकदम वसूल केली जाते.

फलटण येथील एका कापड व्यापारी कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दोघे बंधू, दोघांचे संसार एकत्र आणि घरात ऐंशीच्या घरातील आई. तेरा वर्षे वापरलेली परदेशी बनावटीची सात आसनी गाडी त्यांच्या दाराशी होती. मोठा माल ट्रान्सपोर्टने येई. परंतु इचलकरंजीहून नमुने आणि निकडीचे तागे आणण्यासाठी आठवड्यातून एकदा ही गाडी जात असे. जाताना रिकामी, येताना भरलेली. महिन्यातून एखादे वेळी साऱ्या कुटुंबाला घेऊन ती नातेवाइकांकडेही जाई.

गतवर्षी ती मागून बसू लागली. चार माणसे व सामान चढले की मागील भाग खाली जाई आणि पुढचे तोंड वर उचललेले दिसे. रात्री समोरून येणारे वाहनचालक सारखे दिवे मारून खुणावत. कारण गाडी मागे झुकली की पुढील दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. खड्डा आला की मागील भाग दोन-तीन वेळा हेलकावे खाई. शेवटच्या रांगेत बसलेल्या आईंची पाठ त्या प्रवासानंतर चार दिवस धरून राहिली.

गॅरेजमधील मेस्त्रींनी गाडीखाली वाकून पाहिले. मागील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ होता. "शेठ, शॉकअप गेलेत. मूळ जोडी मागवली तर तीन-चार पट पैसे पडतील. याच मापाची साधी जोडी बसते, ती घालून देतो," असे ते म्हणाले. थोरल्या बंधूंना हा व्यवहार पटला. जुन्या गाडीवर नवे पैसे किती घालायचे, हा त्यांचा प्रश्न व्यवहारी माणसाचाच होता. साधी जोडी बसली आणि गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी उभी असतानाही पूर्वीपेक्षा खाली दिसू लागली. पुढील फेरीत इचलकरंजीहून माल भरून परतताना वाटेतील घाटात प्रत्येक उंचवट्याला मागील भाग खालून घासला. थोरले म्हणाले, "आता ही विकून मोकळे होऊ." धाकट्या बंधूंनी मात्र दोन दिवसांची मुदत मागितली. नवीन शॉक घातल्यावर गाडी अधिक बसते, हा हिशोब त्यांना जुळत नव्हता.

हिशोब न जुळण्याचे कारण त्या जुन्या नळीच्या पोटात होते.

साधा शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचे वजन जवळजवळ पेलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग दबून पुन्हा उसळते, ती उसळी आवरण्याचे काम शॉक करतो. परंतु काही सात आसनी आणि ओझ्याच्या गाड्यांना मागे स्वतःहून उंची सावरणारे शॉक असतात. बोगे या जर्मन कंपनीने ही रचना नावारूपास आणली. १९७० साली बाजारात आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरच्या मागील आसाच्या मध्यभागी याच कंपनीचे उंची सावरणारे एक नळकांडे होते. पुढे हीच कल्पना 'निव्होमॅट' या नावाने दोन्ही चाकांच्या शॉकमध्येच सामावली गेली आणि युरोप-अमेरिकेतील अनेक गाड्यांना बसविली गेली.

याची करामत समजण्यास सोपी आहे. गावातील हापसा आठवावा. दांडा वर-खाली होतो आणि पाणी वर चढते. या शॉकमध्ये दांड्याचे काम रस्ताच करतो. गाडी चालू लागली की चाकांच्या प्रत्येक हालचालीबरोबर आतील लहानसा पंप कमी दाबाच्या कप्प्यातील तेल जास्त दाबाच्या कप्प्यात ढकलतो. तेथे कोंडलेला वायू दाबला जातो आणि तो गाडीचा मागील भाग वर उचलतो. ठरलेली उंची आली की आतील एक वाट आपोआप उघडते आणि जादा तेल परत फिरते. ओझे उतरले की गाडीही आपल्या मूळ उंचीवर येते. यासाठी वीज लागत नाही, बाहेरचा पंप लागत नाही, संगणकही लागत नाही. भरलेली गाडी काही किलोमीटर चालली की ती स्वतःच सावरते.

आता साध्या जोडीने घात का केला, ते ध्यानात येईल. उंची सावरणारा शॉक वजनाचा काही भाग स्वतः उचलतो. म्हणून कारखान्यात त्याच्या जोडीला मुद्दाम मऊ स्प्रिंग दिलेली असते. मेस्त्रींनी शॉक बदलला, स्प्रिंग तीच ठेवली. दोघांनी मिळून उचलायचा भार एकट्या मऊ स्प्रिंगवर पडला. भागीदारीतून एक भागीदार भांडवल काढून बाहेर पडावा आणि पेढीची उलाढाल तेवढीच राहावी, असा तो प्रकार होता.

धाकट्या बंधूंनी दुकानातील मोजपट्टी घेतली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी गाडी रिकामी असताना मोजले, माणसे बसवून मोजले आणि पाच किलोमीटर चालवून पुन्हा मोजले. शेवटची दोन मापे सारखीच आली. गाडी जराही सावरली नव्हती. नंतर अंगणातील पोत्यात बांधून ठेवलेली जुनी जोडी त्यांनी पाहिली. नळीचा जाडपणा आणि तीवरील शिक्का पाहून त्यांनी गाडीच्या चासी क्रमांकासह चौकशी केली, तेव्हा मूळ भाग कोणता होता ते निश्चित झाले.

गाडी मागून बसली की हे तीन मापांचे परीक्षण प्रत्येकाने करावे. त्यास पैसा लागत नाही. भरलेली गाडी थोडी चालविल्यावर वर आली तर शॉक जिवंत आहेत. आली नाही आणि नळीवर तेल ओघळलेले असेल, तर त्यांचे आयुष्य संपले आहे. मात्र ही परीक्षा याच जातीच्या शॉकसाठी आहे. काही गाड्यांत हवेच्या पिशव्या आणि विजेवर चालणारा पंप असतो. त्यांचा दोष वेगळा आणि उपायही वेगळा. म्हणून आपल्या गाडीत मुळात काय आहे, हे चासी क्रमांकावरून आधी पाहावे.

कुटुंबापुढे आता तीन मार्ग होते. पहिला, मूळ जातीचीच नवी जोडी घालणे. दुसरा, साधे शॉक ठेवून त्यांच्यासोबत अधिक ताकदीच्या स्प्रिंगा घालणे. हा मार्गही खोटा नाही. ज्यांची गाडी नेहमी सारख्याच ओझ्याने चालते त्यांना तो स्वस्तात पडतो. परंतु ताठ स्प्रिंग रिकाम्या गाडीत अंग हादरवते. तिसरा मार्ग गाडी विकण्याचा; पण मागून बसलेल्या गाडीला भाव तो काय येणार?

रात्री जेवणानंतर दोघा बंधूंनी हिशोब मांडला. गाडी जाताना रिकामी, येताना भरलेली. याचा अर्थ, ओझे बदलत राहणे हेच तिचे काम. शिवाय मागे आई बसणार. इंजिन उत्तम, बाकी गाडी निर्दोष. नवी गाडी घ्यावयाची तर त्या जोडीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम गुंतणार. सात आसनी प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवरील जीएसटीची वजावट त्यांच्यासारख्या कापड व्यापाऱ्यास मिळत नाही, हेही त्यांनी खर्चात पूर्ण धरले. तरीही पारडे पहिल्या मार्गाकडे झुकले. थोरले एवढेच म्हणाले, "स्वस्त म्हणून घेतले ते दोनदा घेतले." साध्या जोडीचे पैसे बुडीत खात्यात गेले.

नवी जोडी आली, तेव्हा धाकटे बंधू गॅरेजमध्ये उभे राहिले. एका आसावरचे दोन्ही शॉक एकाच वेळी बदलावे लागतात. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाला ओढते. सपाट जागा, पुढील चाकांना अडण, गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर, आणि खालच्या आर्मला स्वतंत्र टेकू, ही काळजी घेतली गेली. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल सोडले होते. नवा शॉक आतील दाबामुळे हाताने दबत नाही. म्हणून आर्मच जॅकने हळूहळू वर आणून छिद्रे जुळविली. रबरी बुशांचे बोल्ट शेवटी आवळले ते गाडी चाकांवर नेहमीच्या उंचीला आल्यावर. कारण चाक लोंबकळत असताना ते आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. जुन्या शॉकमध्ये मोठ्या दाबाचा वायू कोंडलेला असतो. तो भंगारात देऊन कोणी गॅसच्या ज्योतीने कापू लागला तर जिवावर बेतते. ती जोडी कापू नये, तापवू नये, भोक पाडू नये, अशी चिठ्ठी बांधूनच ती गॅरेजमध्ये जबाबदारीने सोपविली गेली.

गाडी खाली उतरली, तेव्हा ती अजून थोडी बसलेलीच दिसत होती. थोरल्यांच्या कपाळावर आठी उमटली. मेस्त्रींनी माल भरून फेरी मारण्यास सांगितले. आठ किलोमीटरनंतर मोजपट्टी लावली, तेव्हा माप रिकाम्या गाडीच्या मापाजवळ आले होते. त्यानंतर चाकांची जुळणी आणि दिव्यांचा कोन, ही दोन्ही कामे उरकली. मागील टायरांच्या आतल्या कडा झिजल्या होत्या, तेही बदलले.

मेस्त्रींवर कोणी रागावले नाही. "शेठ, असला शॉकअप मी आयुष्यात पहिल्यांदा उघडला," असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि मजुरी एकदाचीच घेतली.

जुन्या वस्तूची दुरुस्ती करण्यापूर्वी ती मुळात कोणते काम करीत होती हे विचारावे, एवढाच या व्यवहाराचा धडा. किंमत त्यानंतर विचारावी. पुढील महिन्यात सारे कुटुंब साताऱ्यास लग्नाला गेले. आई शेवटच्या रांगेतच बसल्या आणि परत आल्यावर पाठीला लावायचे तेल त्यांनी मागितले नाही.