समजून घ्या : बारामती-इंदापूरच्या विहिरीत लाल हिरा सापडू शकतो का?

डिजिटल डेस्क : विहिरीचे खोदकाम सुरू असते. सुरुंग उडाल्यावर काळा पाषाण फुटतो आणि आतल्या पोकळीत चमचमणारे खडे दिसतात. बारामती, इंदापूर तालुक्यांत हे नवे नाही. पण खडा तांबूस निघाला आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर 'कोट्यवधींचा लाल हिरा' असे रील आले, की मनात येतेच : आपलाही तसलाच नाही ना?

उत्तर सरळ आहे : नाही. का, ते पाहू.

लाल हिरा किती दुर्मीळ?

जगातला सर्वांत मोठा ज्ञात लाल हिरा 'मुसाएफ रेड' फक्त 5.11 कॅरेटचा, म्हणजे जेमतेम 1 ग्रॅमचा आहे. तो ब्राझीलमध्ये सापडला. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 0.95 कॅरेटचा जांभळट लाल 'हॅनकॉक रेड' 8 लाख 80 हजार डॉलरला गेला. लाल आणि गुलाबी हिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाण 2020 मध्ये बंद झाली.

रंग येतो कुठून?

हिऱ्यात नायट्रोजन मिसळला की तो पिवळा दिसतो, बोरॉन असेल तर निळा. लाल रंगामागे मात्र असे कोणतेही मूलद्रव्य नाही. जमिनीखाली प्रचंड दाब आणि उष्णतेत हिऱ्यातील कार्बन अणूंची रचना किंचित सरकते, पिळली जाते. तार वाकवून सोडली तरी वाक राहतो, तसा हा बदल कायमचा राहतो. असा हिरा प्रकाशातला हिरवा भाग शोषतो आणि लाल दिसतो. ताण कमी-जास्त झाला, तर गुलाबी किंवा तपकिरी रंग येतो. आर्गाइलच्या हिऱ्यांना हा ताण सुमारे 180 कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांच्या टकरीतून मिळाला, असे संशोधक मानतात.

मग आपल्याकडे का नाही?

बहुतेक हिरे 150 ते 200 किलोमीटर खोलीवर, जुन्या आणि जाड भूखंडाच्या तळाशी तयार होतात. त्यांना वर आणायला किंबरलाइट किंवा लॅम्प्रोइटसारखा झपाट्याने वर येणारा लाव्हा लागतो. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो कमी खोलीवर वितळलेला. त्याने हिरे आणले नाहीत. महाराष्ट्रात हिऱ्यांचा जुना उल्लेख आहे तो गडचिरोलीतील वैरागडचा. 'ऐन-ए-अकबरी'तही तिथल्या खाणीची नोंद आहे. पण तिथला खडक वेगळा, कितीतरी जुना.

विहिरीतला खडा कोणता?

बहुधा झिओलाइट गटातला, नाहीतर कॅल्साइट किंवा गारगोटी. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून हे स्फटिक वाढले. तांबूस, गुलाबीसर स्टिल्बाइट त्यातलाच. पुणे जिल्ह्यातील अशा स्फटिकांना जगभरचे संग्राहक ओळखतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट त्यांत विशेष नावाजलेला. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय याच दगडांचे आहे.

घरी कसे ओळखाल?

- चाकूने ओरखडा उठला, तर तो हिरा नाही. झिओलाइट आणि कॅल्साइटवर ओरखडा उठतो.
- 'काच कापतो म्हणजे हिरा' हे खोटे. साधी गारगोटीही काचेवर ओरखडा पाडते.
- खडा हवेत आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून तोला. 10 ग्रॅमचा हिरा पाण्यात सुमारे 2.8 ग्रॅमने हलका भरेल, गारगोटी 3.8 ग्रॅमने, स्टिल्बाइट साधारण साडेचार ग्रॅमने. हिऱ्याच्या जवळपास आकडा आला तरी तेवढ्यावरून तो हिरा ठरत नाही. त्यासाठी रत्न प्रयोगशाळा हवी.

फसवणूक दोन्ही बाजूंनी

एक जण येतो आणि 'हा हिरा आहे, तपासणीचे पैसे आधी द्या' म्हणतो. दुसरा 'हा नुसता दगड' म्हणून संग्राहकांना हवा असलेला नमुना कवडीमोलाने नेतो. दागिन्यातही सावध राहा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याला किरणोत्सर्ग आणि उष्णता देऊन लाल रंग आणता येतो. त्यामुळे नैसर्गिक लाल हिरा म्हणून काही दाखवले, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्याचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा.

विहिरीतला खडा हिरा नाही, म्हणून तो फेकून देऊ नका आणि घाईने विकूही नका. आपल्याच शेताचा तो कोट्यवधी वर्षांचा इतिहास आहे. आधी नाव समजून घ्या, भाव नंतर बोला.