गोठ्यापुरती पशुसेवा आणि वेशीवरचा कुत्रा

गोंदिया : धानाच्या बांधीवर राखणीला असणारा कुत्रा आणि ढोलीतील धान्य उंदरांपासून वाचविणारी मांजर हे गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांचे जुने सोबती. मात्र हे सोबती आजारी पडले की न्यावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर आजही सोपे नाही. कारण ग्रामीण पशुवैद्यकीय सेवेची उभारणीच मुळात गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यासाठी झालेली आहे.

श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी-२ चा भार प्रामुख्याने पशुधन पर्यवेक्षक वाहतो. लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस या रोगांविरुद्ध केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून जनावरांना मोफत लस मिळू लागली. कुत्रा-मांजरांच्या पार्व्हो वा डिस्टेंपरसारख्या आजारांना या कार्यक्रमात स्थान नाही. विशेष उपचारांसाठी १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु देवरी वा सालेकसा येथील शेतमजुराला तेथे जायचे तर दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही मोजावे लागते.

टाळता येणारे मृत्यू

वस्तुतः यातील बरेच मृत्यू टाळता येतात. पार्व्होमध्ये पिलाला उलट्या व रक्तमिश्रित हगवण होते आणि शरीरातील पाणी कमी होऊन ते काही दिवसांतच दगावू शकते. विषाणूवर हमखास औषध नाही, सलाइन व शुश्रूषा हाच आधार. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा दिल्यास हा आजार रोखता येतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. वेळीच निदान झाल्यास बहुतेक कुत्री औषधांनी बरी होतात. मांजराच्या बाबतीत घरगुती उपचारच घातक ठरू शकतो. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

रोगाला वेस नसते

हा प्रश्न केवळ प्राणिप्रेमाचा नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा घेतल्यावर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्वरित लस घेणे, हाच उपाय. प्रतिबंधाचा खरा मार्ग मात्र कुत्र्याच्या लसीकरणातून जातो.

गोंदियाच्या बाबतीत यास जंगलाचीही बाजू आहे. डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांतील कुत्री गुराख्यांबरोबर, मोहफुले वेचणाऱ्यांबरोबर जंगलात शिरतात. गुजरातमधील गीरच्या जंगलात २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतील काहींना कॅनाइन डिस्टेंपरची बाधा झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत आढळले. कुत्र्यांत सर्रास आढळणारा हा विषाणू वाघ-बिबट्यांनाही होऊ शकतो. नागझिऱ्यात मे २०२३ मध्ये दोन वाघिणी बाहेरून आणून सोडण्यात आल्या. वाघांची संख्या वाढविण्यासाठी असे प्रयत्न होत असताना वेशीवरील कुत्र्यांचे लसीकरण दुर्लक्षित राहावे, ही विसंगती आहे.

गोव्याचा धडा

मार्ग अज्ञात नाही. गोव्यात राज्य सरकार व स्वयंसेवी संस्थेने घरोघरी जाऊन, तर मोकाट कुत्र्यांना जाळ्यात पकडून लस दिली. वर्षाकाठी जवळपास १ लाख कुत्र्यांपर्यंत ही मोहीम पोहोचली आणि २०१८ व २०१९ मध्ये तेथे रेबीजने एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास संसर्गाची साखळी तुटते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. एकट्या ग्रामपंचायतीला ती पेलणारी नाही. पशुसंवर्धन, आरोग्य व वन या तिन्ही विभागांनी दरवर्षी मोहफुलांच्या हंगामापूर्वी जंगलालगतच्या गावांत एकत्रित फेरी काढली, तर प्रारंभ होऊ शकेल. कुत्र्याला दिलेली लस माणसाला आणि वाघालाही वाचविते. म्हणून तिचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हा वाद आता संपायला हवा.