प्रार्थनापुस्तकातील सुलोचना

ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देत फिरत असता भालकी तालुक्यातील एका कुटुंबात आमचे जाणे झाले. घरच्या सूनबाईंनी आजेसासऱ्यांचे जीर्ण प्रार्थनापुस्तक आमच्या हाती दिले आणि संकोचाने विचारले, "फादर, यात संतांच्या चित्रांबरोबर नटींचीही चित्रे आहेत. जाळून टाकू का?"

आजेसासरे वाडी जंक्शनवर रेल्वेत नोकरीस होते. मुंबईची पोस्टकार्डे त्यांस तेथे सहज मिळत असावीत.

खरे सांगावयाचे तर अशा प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी एकदा फार घाईने दिले आहे. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी एका वृद्ध बाईंना त्यांचा असाच संग्रह चुलीत घालावयास आम्ही सांगितले. त्यांनी तो निमूटपणे घातला. चित्रे कोणाची होती, हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही.

या खेपेस आम्ही खिडकीपाशी जाऊन कार्डे न्याहाळली. एकंदर सहा. चार छापील होती. भिंगातून पाहिले की शाईचे ठिपके दिसत. दोन मात्र अस्सल छायाचित्रे होती. त्यांच्या कडांच्या काळ्या भागावर चांदीची निळसर झाक आली होती. त्या दोहोंवर सुलोचना होती.

मुंबईत पडद्यावर येशूचे चरित्र पाहून दादासाहेब फाळक्यांस चित्रपटाची प्रेरणा झाली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांस तारामती मिळेना. अखेर साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता दोन्ही तेच! अशा काळात पडद्यावर येण्याचे धैर्य ज्या मुलींनी केले, त्यांत यहुदी व अँग्लो-इंडियन घरांतील पुष्कळ होत्या. पेशन्स कूपर, 'सीतादेवी' म्हणून गाजलेली रेनी स्मिथ आणि पुण्यात जन्मलेली यहुदी कन्या रूबी मायर्स. हीच सुलोचना. ती टेलिफोन ऑपरेटर होती. तेथून कोहिनूर कंपनीत आली. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तिने आठ भूमिका केल्या. १९३१ साली 'आलम आरा'ने चित्रपट बोलू लागला, तेव्हा तिला थांबून हिंदुस्थानी शिकावी लागली. पुढे १९७३ सालचा फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली ती निवर्तली.

तो 'वाइल्डकॅट' मात्र आज कोणासही पाहता येत नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगीने पेट घेई. जी वाचली तीही कित्येकदा चांदी काढण्यासाठी विकली गेली. आपल्या देशात हजारावर मूकपट निघाले, त्यांतले मोजकेच उरले आहेत, आणि त्यांतलेही काही तुकड्यांतच. ज्या अभिनयासाठी लोक तिकिटाच्या खिडकीवर लोटत, त्याची साक्ष आता बहुधा अशी हातभर अंतरावरून पाहावयाची कार्डेच देतात. सिनेमाविरुद्ध प्रवचने करणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलोच) हे ध्यानी घेतलेले बरे.

हे सारे आम्ही सूनबाईंना सांगत होतो, तोच त्यांनी एक कार्ड उलटले. मागे पेन्सिलीने मोडीवळणाच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. पगार सोमवारी होणार होता. आणि 'ही बाई काहीशी तुझ्यासारखी दिसते', असे लिहिले होते. कार्ड टपालात पडलेलेच नव्हते.

आजेसासूबाई मूल तान्हे असतानाच वारल्या. त्यांचे छायाचित्र कधी काढलेच गेले नाही, असे सूनबाई म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या थोरल्या मुलीला स्वयंपाकघरातून हाक मारली, खिडकीपाशी उभे केले आणि कार्ड तिच्या गालाशी धरून पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

चिकटवहीत खळ लावून ती डकवू नका, ओलीपासून जपा, एवढेच आम्ही सांगितले. कार्डे पुन्हा प्रार्थनापुस्तकातच गेली, संत अंतोनीच्या शेजारी.