द्राक्षांच्या मुलखातली दोन शहरे आणि आपला व्यापार

नाशिक आणि मालेगाव एकाच जिल्ह्यात. मुंबई-आग्रा रस्त्यावर दोहोंतले अंतर सुमारे १०० किलोमीटर. पण मालेगावच्या आपल्या व्यापारी भाईला विचारा, पाली-बालोतऱ्याचे भाव तो झोपेतही सांगेल. वाटेवरच्या पिंपळगाव बसवंतला काय विकते हे त्याला ठाऊक नसते. नाशिकच्या दूध बाजार, चौक मंडईतल्या दुकानदारांचेही तेच. त्यांच्या लेखी मालेगाव म्हणजे फक्त यंत्रमाग. दोन्हीकडे नातीगोती आहेत, लग्ने होतात, पण धंद्याची ओळख नाही. हे आम्हाला फार खटकते.

नाशिक गोदावरीकाठी, मालेगाव मोसम-गिरणेच्या संगमावर. गोदावरी पूर्वेच्या समुद्राला जाते, गिरणा तापीला मिळून पश्चिमेच्या. बाजारांनीही तशीच एकमेकांकडे पाठ केली आहे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मालेगावचा धंदा वाढवला. आज तिथे लाखाहून अधिक माग आहेत, पण बहुतेक ठिकाणी ग्रे कापडच निघते आणि रंगाईला राजस्थानात जाते. माल एक, वाटही एकच. २०१६ च्या नोटाबंदीत, २०१७ च्या जीएसटीत आणि २०२० च्या टाळेबंदीत ही वाट अडली, तेव्हा मागावर पोट असलेल्या किती घरांची चूल अडली हे वाचकांना सांगायला नको.

आता शेजारी पाहा. निफाड, दिंडोरी, चांदवड हा सारा द्राक्षांचा पट्टा. जानेवारी ते एप्रिल इथून न्हावाशेव्याकडे कंटेनर सुटतात, युरोपला माल जातो. त्यासाठी चार-पाच किलोचे पुठ्ठ्याचे खोके लागतात, पक्ष्यांपासून बचावाला जाळी लागते, पावसापासून बचावाला आच्छादन लागते, घडांना गुंडाळायला कागद लागतो, ठिबकच्या नळ्या लागतात. उन्हापासून आणि थंडीपासून बाग वाचवायला शेतकरी जुन्या साड्यासुद्धा विकत घेऊन टाकतात! मालेगावात माग आहेत आणि प्लास्टिकच्या भंगारापासून दाणा व पाइप बनवणारे कारखानेही आहेत. मग यातला किती माल मालेगावचा असतो? फार थोडा, असेच आम्हाला दिसते.

यावर काही भाई म्हणतात, “नाशिकची द्राक्षे म्हणजे वाइन, आपण त्या वाटेला जायचे नाही.” शंका प्रामाणिक आहे, तिची थट्टा करू नये. १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला सुरू झाली, २००१ मध्ये सरकारने वाइनसाठी धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क निघाले. त्या कारखान्यांशी आपला व्यवहार नको, हे आम्हालाही मान्य आहे. पण म्हणून सारी द्राक्षे सोडून देणे ही माहितीची कमतरता झाली. या जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे खाण्यासाठीच पिकतात. खायची जात वेगळी, थॉमसन, सोनाका, शरद. वाइनची वेगळी, शेनिन ब्लँक, शिराझ, काबर्ने. तिचे दाणे बारीक, बियांचे, आणि असे मळे बहुधा कारखान्याशी करार करून लावलेले असतात. चार दिवस त्या भागात फिरलेला माणूस मळ्यात शिरताच फरक ओळखतो. न फिरलेला मात्र घरी बसून साऱ्याच द्राक्षांना दारू समजतो. एखाद्या व्यवहारात शंका राहिलीच तर आलिमांना विचारावे. पण विचारायलाही आधी व्यवहार कळला पाहिजे.

धोके आहेत. २०१० मध्ये औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने द्राक्षे नाकारली आणि बागाईतदार कर्जात बुडाले. त्यांना उधारीवर माल देणाऱ्यांची रक्कमही अशा वेळी अडकते. अवकाळी पाऊस, गारपीट तर नेहमीचीच. म्हणून पहिल्या वर्षी उधारी थोडी ठेवावी, आणि जाळीची वीण, कागदाचा आकार शेतकऱ्याला विचारूनच ठरवावा. आपल्याकडे आहे तोच माल त्याच्या गळ्यात मारायला गेलात तर दुसऱ्यांदा तो दारात उभे करणार नाही.

आमचे मालेगावच्या व्यापारी मंडळींना सांगणे आहे की, माग तसेही शुक्रवारी बंद असतात. जुम्याची नमाज झाली की दुपारी दोघे-चौघे एसटीने चांदवड, पिंपळगावला उतरा, शनिवारी नाशिक करून या. नाशिकच्या भाईंनी त्यांना खोकेवाल्यांकडे, जाळीच्या दुकानांत न्यावे. आणि हे फेब्रुवारीत नको. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि हंगामाला काय काय घ्यायचे याचा हिशेब शेतकरी त्याच सुमारास मांडतो.